सहावं जनावर

बी.ए.च्या मराठीच्या पेपराला एक प्रश्न ठरलेला असायचा: पात्राचा अंतर्गत आणि बाह्य संघर्ष उदाहरणासह स्पष्ट करा. त्याची तयारी मी केली ती चारा छावणीत. दुष्काळाचं साल, घरी कडब्याची काडी नव्हती, म्हणून वडील जनावरं घेऊन युसूफ वडगावच्या रस्त्याला दूध सोसायटीच्या छावणीत मुक्कामाला होते. मी दुपारची भाकरी घेऊन जायची आणि हिरव्या जाळीच्या सावलीत बसून त्यांना कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची.

नायक घर सोडावं की राहावं यावर चाळीस पानं विचार करत होता. मला तर तो लई आवडायचा. वडील वैतागले.

"एवढं कशापायी बोलतोय ह्यो? ह्याला कुटं जायचंच न्हाई."

"दादा, तो मनाशी बोलतोय. ह्याला अंतर्गत संघर्ष म्हणतात."

"आन् बाहेरचा कंचा?"

"सोसायटीनं नियम काढला ना, एका घराची पाचच मोठी जनावरं. तसला."

बोलून गेले आणि जीभ चावली. आमची सहा होती. सहावं म्हणजे म्हातारी म्हैस. वर्षानुवर्षं सोसायटीला तिचंच दूध घातलं, आता ती भाकड झाली होती. अशा साली भाकड म्हैस बाजारात खाटीकच घेतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सोसायटीचा चेअरमन वडिलांचा दोस्त, त्याच्याकडे शब्द टाका म्हणून माय मागे लागली होती. वडील म्हणाले, "शेजारच्या धनगरानं त्याचं सहावं जनावर छावणीतून काढलं. मी कोणत्या तोंडानं शब्द टाकू?"

बाजाराच्या दिवशी ते कुणाशी न बोलता तिला घेऊन गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा हातात दावं नव्हतं.

आमच्याकडे जनावर विकतात, दावं विकत नाहीत. ते सोडून घरी आणायचं, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. गावभर हे बजावत फिरणारे आमचेच वडील. माय भडकली.

"दावं कुटं हाय? इसरले जनू तुमी?"

मलाही राग आला. कादंबरीतला तो माणूस चाळीस पानं बोलतो, ह्यांनी एक वाक्य तरी बोलावं.

वडील तांब्याभर पाणी प्यायले. मग खाली बघून म्हणाले, "घेणाऱ्याच्या दाव्यानं ती हालंना. तो मारायला लागला तिला. मंग मी आपलंच दावं बांधून दिलं. मंग गेली मुकाट्यानं."