सर्व्हरताई आणि चार टीमची कॅलेंडरं

ऑफिसात तिला सगळे सर्व्हरताई म्हणायचे. एकोणीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा कॉम्प्युटर विभागात तिघं होती. एक नोकरी सोडून गेला, एकीची बदली झाली आणि उरलेलं सगळं हिच्या गळ्यात पडलं. त्रेसष्ट माणसांचे पासवर्ड, ईमेल, पाच प्रिंटर आणि जिन्याखालच्या खोलीत दिवसभर घरघरणारा सर्व्हर. सकाळी खांद्यावरची पर्स उतरायच्या आत दारात कुणीतरी उभं असायचंच. "ताई, माझं मेल उघडत नाहीये." ती "बघते" म्हणायची. दिवसातून चाळीस वेळा तरी म्हणत असेल.

ऑफिसचं काम लिफ्ट तपासण्याचं. शहरातल्या इमारतींमध्ये जायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि ठीक असेल तर दाखला द्यायचा. एकवीस इन्स्पेक्टर, त्यांच्या चार टीम. कुणी कुठे जायचं हे ठरवायचे बोर्डकाका. हुद्द्याने ते साधे कारकून. पण त्यांच्या टेबलामागे भिंतभर पांढरा बोर्ड होता, त्यावर चौकोन आखलेले आणि प्रत्येक इन्स्पेक्टरच्या नावाचं एकेक रंगीत चुंबक. इन्स्पेक्टर सकाळी यायचे, बोर्डावर नजर टाकायचे आणि हेल्मेट उचलून चालू पडायचे. पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग एकदा काका चार दिवस तापाने झोपले. त्या चार दिवसांत दोन टीम एकाच इमारतीत जाऊन एकमेकांसमोर उभ्या राहिल्या, आणि एका वृद्धाश्रमात लिफ्टला कुलूप लावून लोक दिवसभर इन्स्पेक्टरची वाट बघत बसले. तक्रार थेट वरपर्यंत गेली. मॅनेजर नवा होता, दुसऱ्या शाखेतून आठ महिन्यांपूर्वी आलेला. त्याने सर्व्हरताईला बोलावून घेतलं.

"मॅडम, आपल्या ईमेल सर्व्हरवर टीमची सामायिक कॅलेंडरं करता येतात ना?"

"येतात."

"मग महिनाअखेरपर्यंत करून टाका. सगळं ऑफिस एका माणसाच्या डोक्यावर चाललंय. तो आजारी पडला की आपणही आजारी."

त्यात खोटं काही नव्हतं. ती नेहमीसारखं "बघते" म्हणाली आणि जिन्याखाली परत आली.

काम तसं अवघड नव्हतं, किचकट होतं. सर्व्हरवर चार कॅलेंडरं उघडायची, प्रत्येक टीमची माणसं त्यात घालायची आणि मग एकेकाला परवानगी द्यायची. कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला नोंद बदलता येईल, कुणाला फक्त 'या वेळी हा माणूस मोकळा नाही' एवढंच कळेल. या शेवटच्या गोष्टीत तिची चूक झाली. पहिल्या टीमला तिने घाईत सगळंच दिसेल अशी परवानगी देऊन टाकली. एका इन्स्पेक्टरने स्वतःच्या कॅलेंडरात लिहून ठेवलं होतं, 'सासूबाई येणार, उशिरा घरी जाणे.' ते टीममधल्या सहाही जणांच्या स्क्रीनवर उमटलं. आठवडाभर त्याला जो तो विचारत होता, सासूबाई पोचल्या का. तो बिचारा हसण्यावारी नेत होता, पण ताईने कपाळाला हात लावला आणि सगळ्या परवानग्या पहिल्यापासून तपासल्या. त्यात एक अख्खा दिवस गेला. त्या दिवशी दोन प्रिंटरही बंद पडले होते.

इन्स्पेक्टरांना शिकवता शिकवता तिच्या नाकी नऊ आले. निम्म्यांना पासवर्ड आठवत नव्हता. एकाने फोनवर आलेली आठवणीची सूचना पुसायला म्हणून नोंदच पुसली, आणि ती सगळ्या टीमच्या कॅलेंडरातून गेली. एक जण शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही हे कागदावर छापून भिंतीला लावाल का?"

शेवटी बोर्डावरचं सगळं कॅलेंडरात उतरवायची वेळ आली. त्यासाठी ती तीन दिवस दुपारची बोर्डकाकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. काकांचं वय सत्तावन्न, बोलणं हळू. ज्या कामाने आपला बोर्ड जाणार ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने करून दिलं, पण तोंड वाकडं केलं नाही. हे दोघं एका टीममध्ये नकोत, त्यांचं पटत नाही. या इमारतीचा रखवालदार दहानंतरच किल्ली देतो. या इन्स्पेक्टरला शाळेजवळचं काम द्या, येताना मुलीला घेऊन येतो. ताई टाइप करत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिला एका चुंबकाच्या कोपऱ्यात शाईचा काळा ठिपका दिसला. चुंबक लांब्याचं होतं. लांब्या म्हणजे सगळ्यांत जुना इन्स्पेक्टर, सहा फुटांच्या वर उंची, स्वभावाने अबोल.

"काका, हा ठिपका कसला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते माझं माझं आहे. तुमच्या कॅलेंडरात ते बसणार नाही."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच वाजले होते. घरी तिचे बाबा होते, ब्याऐंशी वर्षांचे. पडल्यापासून त्यांना एकटं उठता येत नव्हतं. दिवसा सांभाळायला येणारी बाई साडेसहाला निघायची. ताईची पावणेसहाची बस चुकली की त्या बाईला बाबांपाशी ताटकळत थांबावं लागे, आणि मग दुसऱ्या दिवशी तिचा फुगलेला चेहरा. ताईने पुन्हा विचारलं नाही. फाइल जतन केली आणि निघाली.

पुढच्या सोमवारी कॅलेंडरं सुरू झाली. बुधवारी दोन माणसांनी बोर्ड उतरवला. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला. काकांनी दहा दिवसांची रजा टाकली, मुलीकडे जाऊन येतो म्हणाले. त्यांच्या जागी मॅनेजरने स्वतः नोंदी घालायला सुरुवात केली. त्याला ते आवडलंही. चार टीम, चार रंग, कोण मोकळा आहे ते एका नजरेत कळायचं. त्या आठवड्यात एकही घोळ झाला नाही. मॅनेजर जिन्याखाली येऊन म्हणाला, "मॅडम, छान केलंत." एकोणीस वर्षांत त्या खोलीत येऊन असं कुणी म्हटलं नव्हतं. तिला बरं वाटलं, पण ते अंगात मुरायलाही वेळ मिळाला नाही, कारण फोन वाजत होता.

पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला एक काम आलं. एका इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बंद होत्या आणि मशीनची खोली चौदाव्या मजल्यावर. कॅलेंडरात लांब्या मोकळा दिसत होता, म्हणून ते काम त्याला गेलं. तो हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढायला लागला. नवव्या मजल्यावर पायरीवर बसला आणि सोबतच्याला म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच." सोबतचा चार पायऱ्या चढून वळून बघतो, तर लांब्या भिंतीला टेकून घामाने निथळत होता. स्ट्रेचर जिन्याने उतरवावं लागलं. नऊ मजले, प्रत्येक वळणावर तिरकं करत. नशिबाने वेळेत पोचले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली आणि दुपारी फोन आला की धोका टळलाय.

बाकी ऑफिसचा जीव भांड्यात पडला. ताई मात्र सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. तिने लांब्याची नोंद उघडली. कुणी घातली, किती वाजता घातली, सगळं लिहिलेलं होतं. चूक कुठेच नव्हती.

काका रजा अर्धी टाकून गुरुवारी परत आले. ती त्यांच्या टेबलापाशी गेली आणि उभीच राहिली.

"बसा, ताई."

"तो ठिपका याच्यासाठीच होता ना?"

"हो." काकांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "तीन वर्षांपूर्वी मला म्हणाला, छातीत भरून येतं, पण कुणाला सांगू नका, टेबलावर बसवतील. मी टेबलावर मरेन म्हणाला. म्हणून मी त्याला एक तरी लिफ्ट चालू असेल तिथंच पाठवायचो."

"आणि मी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत."

"शब्द दिला होता. शिवाय, खरं सांगू का, वाटलं होतं की चार दिवसांत तुमचं ते कॅलेंडर बंद पडेल आणि बोर्ड परत लागेल. तेवढी आशा होती. त्याला तरी सांगून जायला हवं होतं, की बाबा रे, आता तुझं तू बघ. तेही केलं नाही."

"मी परत विचारायला हवं होतं," ताई म्हणाली. "मला बस गाठायची होती."

एकमेकांना दोष देता आला असता तर सोपं गेलं असतं.

शुक्रवारी मॅनेजरने दोघांना बोलावलं. तोही मंगळवारपासून नीट झोपला नसावा, डोळे तांबारलेले होते. तो म्हणाला, "प्रत्येकाच्या नावापुढे तब्येतीची एक नोंद ठेवू. बीपी, गुडघे, हृदय, जे असेल ते. सगळ्यांना दिसेल अशी."

"नाही," ताई म्हणाली.

मॅनेजरने वर पाहिलं. तिच्या तोंडून हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

"सगळ्यांना दिसणार म्हटल्यावर कुणीही खरं लिहिणार नाही. सासू येणार एवढं दिसलं तर आठवडाभर चेष्टा झाली, साहेब. हृदय कोण लिहील?"

"मग काय करायचं?"

"एक वेगळं कॅलेंडर करते. ज्याने त्याने फक्त एवढंच लिहायचं, जिने नकोत, उंची नको, दुपारनंतर नको. कारण लिहायचं नाही. ते दिसेल फक्त काम वाटणाऱ्याला. आणि काम वाटायला काका हवेत. तुम्ही नाही."

शेवटचं वाक्य जरा कडक पडलं, हे तिलाही कळलं. मॅनेजर काकांकडे वळला. "जमेल का कॉम्प्युटरवर?"

"ताई शिकवतील," काका म्हणाले.

शिकवायला तिला दीड महिना लागला. काका एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक नोंदीनंतर "गेलं का?" विचारायचे. पहिल्या महिन्यात त्या वेगळ्या कॅलेंडरात एकच नोंद आली. दुसऱ्या महिन्यात काकांनी एकेका इन्स्पेक्टरला चहाला नेलं आणि नोंदी अकरा झाल्या. एकविसातले अकरा. ताईने तो आकडा पाहिला आणि बराच वेळ स्क्रीन तशीच उघडी ठेवली. एवढी माणसं रोज सकाळी आपल्यासमोरून मुकाट्याने जिने चढायला जात होती.

लांब्या तीन महिन्यांनी कामावर आला. त्याला टेबलावरच बसवलं, इमारतींचे नकाशे तपासायला, आणि जागा मिळाली ती सर्व्हरच्या खोलीबाहेर. सुरुवातीला तो कुणाशी बोलत नव्हता. एकदा ताईने विचारलं, "राग आहे का, साहेब, माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला?" तो म्हणाला. "जिना मी चढलो." मग नकाशावरून मान न उचलता म्हणाला, "टेबलावर बसून मरत नाही माणूस. कंटाळतो फक्त."

दीड वर्षाने काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवा माणूस आलाच नाही. काम वाटायचं ताईकडे आलं, बाकीच्या कामांवर आणखी एक. मॅनेजरने विचारलं तेव्हा तिला नाही म्हणायचं होतं. पण त्या वेगळ्या कॅलेंडरातल्या नोंदी दुसऱ्या कुणाला उघडून दाखवायला तिचं मन होईना. आता ती सकाळी अर्धा तास आधीची बस पकडते. बाबा पलंगावरून हाक मारतात, "इतक्या लवकर कुठे?" ती चपला घालत सांगते, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.