बेघरांसाठी जागा दाखवा

आम्ही जुने नगरपालिकावाले कुणाच्या लग्नकार्यात भेटलो की पंगत उठते तरी आमचं बोलणं उठत नाही. एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आठवतं, त्यावरून तिसऱ्याला. हसतोही भरपूर. परत येताना एस.टी.त मात्र मला कसंतरीच होतं.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. नगरपालिका कुठली ते सांगत नाही; उस्मानाबाद जिल्ह्यातली, एवढं पुरे. दुष्काळाची वर्षं होती.

*

वरून आदेश आला, शहरात बेघर किती ते कळवा आणि त्यांच्या घरांसाठी आराखड्यात जागा दाखवा. अध्यक्षांनी बैठकीत विचारलं, "आपल्या गावात बेघर कोण हाय?"

"कुणीच न्हाय. ज्याला त्याला खोपट हाय की," एक सदस्य म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या आणि शून्य कळवलं गेलं.

त्याच आठवड्यात आमच्याच पथकानं स्टँडमागची खोपटं अतिक्रमण म्हणून पाडली. आमचे ओव्हरसियर पठाणसाहेब तिथून आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "मुबारक हो. आता कळवा वर, बेघर मिळाले."

*

मग शून्याचा आकडा दुरुस्त झाला आणि सुरू झाला जागेचा घोळ. बाजाराजवळ म्हटलं की व्यापारी उठायचे, शाळेजवळ म्हटलं की पालक. प्रत्येक सदस्याला गरिबांची दया यायची, फक्त दुसऱ्याच्या वॉर्डात. मी पेन्सिलीनं चौकोन काढायचो आणि खोडायचो. शेवटी खोडून खोडून नकाशाला भोकच पडलं.

मुख्याधिकारी माझ्यावर तापले. पठाणसाहेब शांतपणे म्हणाले, "राहू द्या साहेब. आजपर्यंत कुणाची हरकत न आलेली तेवढीच जागा आहे."

*

पाडलेल्या खोपटांत गयाबाई राहायची. मूळची बौद्ध वाड्यातली, सरकारी कामावर खडी फोडणारी. ती आणि तिच्यासारखी कुटुंबं आता धान्याच्या गोदामाला टेकून, उघड्यावर दिवस काढत होती. दर बाजाराला ती ऑफिसात यायची. "सायेब, आमच्या जागेचं काय झालं?"

तिला सांगितलं गेलं, एकेकट्याला प्लॉट मिळत नाही, सहकारी संस्था काढा. तो काळच तसला. दुधाची सोसायटी, सुताची सोसायटी. बाईनं माणसं गोळा केली, संस्था काढली, चेअरमन झाली. हे सगळं खडी फोडता फोडता.

क्लार्कनं विचारलं, "संस्थेचं कार्यालय कुठं आहे?"

"जागा मिळाल्यावर बांधू की."

"कार्यालयाचा पत्ता असल्याशिवाय जागा मिळत नाही, बाई."

गयाबाईनं जरा विचार केला. "मग लिवा, गोदामाची भिंत, भाईरली बाजू."

तसंच लिहिलं आणि ते मंजूरही झालं. हा किस्सा आम्ही फार रंगवून सांगतो.

*

जागा अखेर सापडली. गावाबाहेरचं तळं! पार कोरडं पडलेलं, सपाट, सरकारी, शेजारी कुणी नाही. एक म्हातारे सदस्य पुटपुटले, "आवो, तळं हाय ते."

अध्यक्ष म्हणाले, "पाणी कुठं हाय त्यात? दाखवा."

ठराव एकमतानं पास झाला. आराखड्यावर त्या जागी मी स्वतः 'निवासी' असं लिहिलं.

*

गयाबाईच्या लोकांना तिथं प्लॉट आखून दिले. टेप मी धरला होता. दिवसा खडी फोडायची आणि उरलेल्या वेळात पाया खणायचा, असं त्यांचं चाललं होतं. इतका आनंद त्या माणसांच्या तोंडावर मी आधी पाहिला नव्हता.

गयाबाईचा पाया कमरेइतका खोल झाला आणि तळाला ओल लागली. दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाणी साचलं, चांगलं गोडं.

गावातले आड आटलेले, टँकरचा भरवसा नाही. जे सदस्य या लोकांना आपल्या वॉर्डात येऊ देत नव्हते, त्यांच्या घरच्या बायका हंडे घेऊन तिथं रांगेत उभ्या राहिल्या. तातडीची बैठक झाली. प्लॉट रद्द, जागा सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी राखीव. 'निवासी' खोडायला मलाच सांगितलं.

मग जलपूजन ठेवलं. मंडप, हार, नारळ. अध्यक्षांनी भाषणात गयाबाईचं नाव घेतलं, तिला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "गयाबाई, तुमच्या हातानं गावाला पाणी लागलं. पहिली घागर तुम्ही भरायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात नवी घागर दिली. गयाबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, तिनं आत बघितलं आणि घागर अध्यक्षांच्या पायाशी पालथी ठेवली.

"भरते की," ती म्हणाली. "पर भरून ठिवू कुठं?"