माझा सत्कार झाला त्याची गोष्ट

सत्कार म्हणजे काय असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. हिर्डोशीकडच्या एका वाडीत मी अंगणवाडी चालवते. गुरुजींची बदली झाली, ग्रामसेवक निवृत्त झाले, नर्सबाई भोरला गेल्या, की शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरायची, दोन-चार खुर्च्या मांडायच्या आणि शाल-श्रीफळ द्यायचं. भाषण होतं, चहा होतो आणि माणूस गाडीत बसून निघून जातो. आमच्याकडे अंगावर शाल पडली की माणूस सुटला. काम चालू असताना कुणी कुणाला शाल घातलेली मी तरी पाहिली नाही.

काम चालू असताना मिळतात ती मोबाईलवरची गुलाबाची फुलं. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी तालुक्याच्या ऑफिसातून मजकूर येतो, आपल्या अमूल्य सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पोरांचं वजन करायचा काटा बिघडलाय, तो बदलून द्या म्हणून मी पावसाळ्याच्या आधीपासून ओरडते आहे. काटा आला नाही. फुलं मात्र एक दिवस चुकत नाहीत. कृतज्ञता हा शब्द ऐकला की माझा तिळपापड होतो तो उगाच नाही.

घरात आम्ही तिघं. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. भाताच्या खाचरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. डोकं शाबूत आहे आणि जीभ माझ्याहून तिखट. पण कूस बदलायला, अंग पुसायला, भांडं द्यायला बाईमाणूसच लागतं. लेकाला त्या हात लावू देत नाहीत. "म्या हितंच मरंन, पर पोराच्या हातनं लुगडं बदलून घ्यायची न्हाई," असं एकदा सांगून टाकलं, तेव्हापासून नवऱ्यानं हात वर केले ते केलेच. त्यामुळे मला मुक्कामाला कुठं जाता येत नाही. आणि आमच्या एसटीच्या भरवशावर विंझरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं, तर आईचं तोंड बघायचं आणि उलट्या पावली निघायचं.

विंझर माझं माहेर. तिथं माझी आई एकटी राहते. मला भाऊ नाही, बहीण नाही. शेजारच्या काकू तिला दोन वेळचं जेवण देतात, त्यांची सून रात्री सोबतीला जाते. नवरात्रात काकूंचा फोन आला.

"आगं, तुजी आय आता मानसं इसरायला लागली. काल मला तिच्या बहिनीच्या नावानं हाक मारली. तुजं नाव अजून घेती. तवर येऊन जा बाई. मग आलीस काय आन् न आलीस काय."

फोन ठेवला आणि मी चुलीपुढं बसूनच राहिले. आई मरेल याची भीती मला फारशी नव्हती, वय झालंय तिचं. पण मी समोर उभी असताना तिनं मला ओळखू नये, हे माझ्या डोक्यात मावेना. तिनं मला एकदा माझ्या नावानं हाक मारावी आणि आठ-पंधरा दिवस मी तिच्याजवळ असावं, एवढंच मला हवं होतं.

मी पुण्याला धाकट्या जावेला फोन केला. म्हटलं, दिवाळीला येताय तर या खेपेला जरा दिवस काढून ये. तू आत्याबाईंजवळ राहा, मी आईकडं जाऊन येते. आईचं काय झालंय तेही सांगितलं. "बघू या ताई, ह्यांच्याशी बोलते," असं ती म्हणाली. बघू या म्हणजे काय, ते मला कळायला हवं होतं. पण आशा वेडी असते ना! मी फराळ करताना आईच्या वाटणीचा डबा वेगळा भरला.

दिवाळीला दीर, जाऊ आले. दीर वाईट माणूस नाही हो. कंपनीत चांगल्या जागेवर आहे, आत्याबाईंसाठी डायपर, औषधं, पाण्याची गादी सगळं आणतो. त्यांच्या कंपनीत हल्ली सगळ्यांना गोल बसवून आपण कुणाकुणाचे ऋणी आहोत ते बोलायला लावतात. तेच त्यानं पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सुरू केलं. आत्याबाईंची खाट दारात ओढून घेतली, चटई टाकली, मला पदर खोचलेल्या अवस्थेत चुलीपासून उठवून मधोमध बसवलं. जाऊ मोबाईल धरून शूटिंग करायला लागली.

दीर उभा राहिला. "आज आपल्याला ज्या व्यक्तीविषयी कृतज्ञता व्यक्त करायची आहे, त्या म्हणजे आमच्या वहिनी," म्हणाला. मग माझी स्तुती सुरू झाली. मी अमुक आहे, मी तमुक आहे, माझ्यासारखी सून साऱ्या मावळात सापडायची नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तेवढं चढवलं. बोलताना डोळे पुसले त्यानं. ते खोटं नव्हतं. "इतकी वर्षं वहिनींनी एकटीनं हा भार उचलला," असं म्हणून त्यानं पिशवीतून शाल काढली, माझ्या खांद्यावर घातली आणि हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनीसुद्धा वाजवल्या.

आणि काय सांगू, माझ्या जिवाला पंख फुटले. मला वाटलं, झालं! जाऊ दिराशी बोललेली दिसतेय. भार उचलला म्हणाले, म्हणजे आता उतरवणार. शाल घातली म्हणजे सुटले मी. मी दिराला म्हटलं, "भाऊजी, लई बरं केलंत," आणि तडक आत गेले. फळीवरची पिशवी काढली, दोन लुगडी, चोळ्या, आईच्या फराळाचा डबा, सगळं भरलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि एकीकडं हसू येत होतं. बाहेर येऊन जावेला सांगायला लागले, "आत्याबाईंना डाव्या कुशीवर लई वेळ ठेवू नको. सकाळी आधी चहा, मग भांडं दे. मी उद्या पहिल्या एसटीनं निघते."

जावेनं दिराकडं पाहिलं. दीर म्हणाला, "कुठं निघालात, वहिनी?"

"विंझरला. आईकडं."

"अहो, पण आमचं उद्या सकाळीच निघायचं ठरलंय. परवा कामावर हजर व्हायचंय दोघांना."

मी तिथंच पिशवी धरून उभी. अंगावर शाल तशीच. मग जे माझं तोंड सुटलं! "मग ही शाल कशापायी घातली, भाऊजी? कुणाला कधी घालतात शाल, ते ठाऊक तरी आहे का तुम्हाला? मी काय मागितलं होतं आणि तुम्ही काय दिलंत? माझी आय तिकडं मला विसरायला लागलीय, आणि तुम्ही हितं माझ्यापुढं टाळ्या पिटताय!"

"वहिनी, तुमच्याबद्दल आम्हाला किती वाटतं म्हणून केलं ना ते," दीर कळवळून म्हणाला. "तुमच्यासारखं आईचं दुसरं कुणाला जमणारही नाही."

"न जमायला काय झालं? मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते?"

नवरा खाली बघत होता. तेवढ्यात खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ द्या रं तिला. मला कुनी हात न्हाई लावला तर ऱ्हाईन पडून घाणीत." आता ही रजा म्हणायची की बेडी? त्यांनी मनापासून म्हटलं होतं का मला टोचायला म्हटलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण घाणीत पडलेलं माणूस डोळ्यांपुढं आलं आणि माझे पाय जागचे हलेनात.

पुढच्या महिन्यात नक्की रजा टाकतो, असा दिरानं आत्याबाईंच्या अंगावर हात ठेवून शब्द दिला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीत तांदळाचं पोतं आणि चिवडा ठेवला, नीट जा म्हटलं. गाडी वळणाआड गेली आणि मी गोठ्यात जाऊन मोकळेपणी रडले.

त्यानं शब्द पाळला, हेही लिहायला हवं. मार्गशीर्षात जाऊ रजा काढून आली. आत्याबाईंच्या शिव्या खात पहिल्याच दिवशी तिनं त्यांचं लुगडं बदललं. जमलं की तिला! कुणालाही जमतं. मी भोर गाठलं, तिथून नसरापूर फाटा, तिथून वेल्ह्याच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून विंझर. सोबत नव्या भाताचे तांदूळ होते.

काकू रस्त्यातच भेटल्या. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. "दिवाळीत लई वाट बघितली गं तुजी," म्हणाल्या. "भाऊबिजंला तर दिसभर ओट्यावं बसून व्हती. माजी पोरगी येनार म्हनून कुनाला आत जाऊ दीना. मग हळूहळू बोलायचीच थांबली."

आई भिंतीला टेकून उन्हात बसली होती. मी हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर सावरून जरा सरकून बसली, पाहुण्याला जागा करून द्यावी तशी. मी हात-पाय धुतले, चूल पेटवली. मऊ भात केला, त्यावर दूध घातलं आणि तिला भरवला. पोटभर जेवली. तिचे केस कधी विंचरले होते कोण जाणे, जटा झाल्या होत्या. तेल लावून एक एक गुंता सोडवला. माझ्या हाताखाली तिचं डोकं अगदी पोरासारखं स्वस्थ होतं. मला वाटलं, हात तरी ओळखेल. हाताला तरी आठवेल.

वेणी घालून झाली तशी ती माझ्याकडं वळली आणि तिनं मला हात जोडले. माझ्या आईनं, मला.

"लई उपकार झालं बाई तुमचं," ती म्हणाली. "कुठल्या तुमी?"

"हितलीच," मी कसंबसं म्हटलं.

"मग घरला जा आता," आई म्हणाली. "तुमची आय वाट बघत आसंल."