ओट्याचे दोनशे आणि सासूबाईंचे दीडशे

१३ ऑक्टोबर १९८४, शनिवार, संध्याकाळचे सहा. रक्कम दीडशे डॉलर. हजर: मी, माझी बायको, आमची दहा वर्षांची मुलगी, सासूबाई आणि डेन्मार्कहून आलेली एक चित्रपट निर्माती. जागा, ॲन आर्बरमधल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. निर्मातीने पाकीट पुढे केलं. मी "नको, नको" म्हणालो. तिने ते पुन्हा पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. एवढंच घडलं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला एका जागी बसवलं नाही.

सासूबाई ऑगस्टमध्ये मिरजेहून आल्या होत्या. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे त्या कितीही राहिल्या तरी सरकारची हरकत नव्हती. हरकत त्यांचीच होती. त्यांच्या वडिलांनी लेकीच्या सासरी कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं आणि या दोन महिने लेकीकडे जेवत होत्या. तांदूळ कितीला, दूध कितीला, हे नातीकडून विचारून घ्यायच्या आणि दुपारचा चहा अर्धाच कप प्यायच्या. थंडी पडायच्या आत तिकीट बदलून द्या, असं त्यांनी सप्टेंबरपासून लावलं होतं. सहा वर्षांनी आई भेटली होती. बायकोला त्या निदान संक्रांतीपर्यंत हव्या होत्या.

अशात शेजारच्या प्राध्यापकांनी या डॅनिश मंडळींना आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या चित्रपटात एक डॅनिश विद्यार्थी अमेरिकेत शिकायला येतो, आजारी पडतो आणि शेजारची परदेशी म्हातारी त्याला खाऊ घालते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांना एक स्वयंपाकघर हवं होतं आणि एक म्हातारी. स्वयंपाकघराचे दोन दिवसांचे दोनशे डॉलर मी आधी ठरवले, कागदावर घेतले, चेक बँकेत भरला. म्हातारीचे दीडशे काम झाल्यावर द्यायचे होते.

नातीने हा आकडा आजीला सांगितला, त्या दिवशी आजी पूर्ण कप चहा प्यायल्या. बायकोला म्हणाल्या, "या पैशांतून माझं राहण्याखाण्याचं देईन. मग राहीन हो तू म्हणतेस तशी."

त्यांनी ते काम नोकरीसारखं केलं. थालीपीठ लावायचं, उलटायचं, त्या मुलाच्या ताटलीत घालायचं. दिग्दर्शक दर वेळी "पुन्हा" म्हणे आणि सासूबाई दर वेळी नवं थालीपीठ लावत. "गार झालेलं वाढायचं का आजाऱ्याला? याला कळतं का काही?" दुपारपर्यंत तो नट खरोखरच आजारी दिसायला लागला. दिग्दर्शक खूश झाला.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला. प्रसंग कालचाच पुढे चालू राहणार, म्हणून कालचीच साडी नेसा, असं त्यांना बजावलं होतं. पण कालचं पारोसं पातळ पुन्हा अंगाला लावायचं त्यांना पटेना. रात्री त्यांनी ते धुतलं, वाळवलं आणि सकाळी घडी मोडून नेसून उभ्या राहिल्या. पदरावर काल पडलेला हळदीचा डाग नाहीसा झाला होता. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. सासूबाईंनी नातीकडून काय झालं ते समजून घेतलं, डब्यातली हळद तेलात कालवली आणि नेमक्या त्याच जागी बोट टेकवलं. "आता म्हणावं त्याला, चालू दे."

आणि संध्याकाळी मी त्यांचे पैसे नाकारले.

का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. ती माणसं दोन दिवस आमच्या टेबलावर जेवली होती. जेवून उठलेल्या पाहुण्याकडून घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या नावाने पाकीट घ्यायचं, हे हाताला जमेना. शिवाय माझा "नको" हा पहिला "नको" होता. आपल्यात पहिल्या "नको"ला कोणी थांबत नाही. समोरचा आग्रह करतो, आपण संकोचतो, तो खिशात कोंबतो, आपण घेतो. निर्मातीने मात्र "तुम्ही फार उदार आहात" म्हणून एक कागद काढला, आणि 'मानधन नाकारले' अशा ओळीखाली मी सही केली.

दार लागल्यावर बायको म्हणाली, "अहो, ओट्याचे दोनशे घेतलेत, आणि आईचे दीडशे नको?"

"बरं दिसलं नसतं."

"ओट्याचं बरं दिसलं?"

मुलगी म्हणाली, "बट आजीने वर्क केलं ना? दॅट्स हर मनी, बाबा."

सासूबाई माझ्याशी थेट फारसं बोलत नसत. त्या लेकीकडे बघून म्हणाल्या, "विचार त्यांना, काम माझं, मग नको म्हणणारे ते कोण?"

मी उठलो, कपाटातून दीडशे डॉलर काढून टेबलावर ठेवले. त्यांनी नोटांकडे पाहिलंही नाही. "जावयाच्या घरचे घेऊ आणि जावयालाच खाण्याचे देऊ? छान हिशोब आहे. सोमवारी तिकिटाचं बघायला सांग त्यांना."

ती मंडळी सोमवारी सकाळी परत निघणार होती. रविवारी मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. अंगणातली पानं गोळा केली, वारा आला, पुन्हा गोळा केली. शेवटी चारच्या सुमारास बायको गाडीच्या किल्ल्या घेऊन समोर उभी राहिली. मागे सासूबाई, कालचंच डागाचं पातळ मुद्दाम नेसून, वर स्वेटर घालून तयार.

मोटेलच्या पार्किंगला मी दोन फेऱ्या मारल्या. "जागा मिळत नाहीये का?" बायको म्हणाली. अर्धी पार्किंग रिकामी होती.

निर्माती खोलीत फिल्मचे डबे पिशव्यांत भरत होती. आम्हाला तिने खुर्च्या दिल्या. मी पैशांचं सोडून सगळं विचारलं. चित्रपट कधी येईल, कुठे लागेल. ती उत्साहाने सांगत गेली. देश एवढासा, चित्रपट लोकांपर्यंत पोचवायचं कामही तिच्याच गळ्यात. फार तर तीन प्रिंट निघतील. राजधानीतले खेळ झाले की ती स्वतः डबे गाडीत टाकून गावोगाव नेणार, बेटांवर बोटीने. एका बेटावर थिएटर फक्त शनिवारी उघडतं. अर्धा खर्च सरकारी पैशातून, त्यामुळे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक डॉलरची पावती. हे ऐकून माझा धीर आणखी खचला. मी बोटींबद्दल विचारलं.

बायको म्हणाली, "अहो, आता बोटी पुरे."

मी घसा खाकरला. तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या, निर्मातीच्या समोर गेल्या, पदरावरचा डाग दाखवला आणि नातीने शिकवलेलं इंग्रजी बोलल्या. "माय वर्क. माय मनी."

निर्मातीने माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्ही नको म्हणालात."

"ही सेड," सासूबाई म्हणाल्या. "नॉट मी."

मी सांगितलं की आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची पद्धत आहे. तुम्ही पुन्हा विचाराल असं मला वाटलं होतं.

"पुन्हा कशाला विचारायचं? आमच्याकडे माणूस नको म्हणाला तर त्याला नकोच असतं," ती म्हणाली. मग पर्स उघडत, "आणि मुळात मी त्यांना विचारायला हवं होतं. तुम्हाला नाही."

तिने कालचा कागद शोधला, माझ्या सहीवर रेघ मारली आणि नवी पावती केली. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या नावापुढे आधी वडिलांचं नाव लिहून, मग ते खोडून, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव मराठीत लिहिलं. नोटा त्यांनी स्वतः मोजल्या. निर्मातीने विचारलं, बरोबर? त्या म्हणाल्या, "करेक्ट."

घरी आल्यावर त्यांनी नोटा देवापुढे ठेवल्या, नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात आल्या. मी ओट्याशी उभा होतो. त्या पहिल्यांदाच मान वर करून माझ्याशी बोलल्या.

"हे शंभर राहण्याखाण्याचे, संक्रांतीपर्यंतचे. मोजून घ्या."

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. बायको सिंकपाशी होती, तिने नळ बंद केला. मी मोजून घेतले आणि "बरोबर आहेत" म्हणालो. मग त्यांनी चहाला आधण ठेवलं, पाच कपांचं. घरात आम्ही चौघंच होतो; दोन कप त्यांनी स्वतः घेतले.

तर डेन्मार्कच्या निर्मातीने सासूबाईंना दीडशे डॉलर दिले, रोख. त्यातले शंभर सासूबाईंनी मला दिले. पन्नास त्यांच्याकडे राहिले. त्यांचं काय केलं, ते मी विचारलं नाही.