सर्व्हिस लिफ्ट

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतले हे गृहस्थ केंद्र सरकारातून निवृत्त झालेत. "मी सर्व्हिसला होतो," म्हणताना त्यांची मान ताठ होते. हॉटेलात पाणी उशिरा आलं की, "सर्व्हिस बेकार है यार!" म्हणून वेटरला झापतात. मंडपात झाडू घेतला की तीच "बाप्पाची सर्व्हिस" होते.

यंदा गणपतीला आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी उकडीचे मोदक केले. गुडघा दुखत असूनही ताट घेऊन त्या माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. हे गृहस्थ आत होतेच. त्यांनी ताट अलगद आपल्या हातात घेतलं आणि मावशींना म्हणाले, "आप उधर से आइए. सर्व्हिस लिफ्ट."

"कामवाल्यांची ती लिफ्ट बंद आहे," मी म्हटलं.

"तो सीढ़ी है ना!"

माझं डोकंच सणकलं. मीही बाहेर पडले. नवव्या मजल्यावरून मावशी कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या.

खाली मंडपात आरती संपली होती. गृहस्थ मावशींचे मोदक वाटत होते. "घ्या, बिल्कुल घरचे! आपल्या माणसाच्या हातचे!"

मावशींनी हात पुढे केला. त्या हातावर गृहस्थांनी मोदक वरून टाकला, बोट लागू न देता.