गुडघ्यांची परवानगी

"गुडघे परवानगी देईनात," असं म्हणून ते उजवा हात जमिनीला टेकवत, डावा माझ्या खांद्यावर ठेवत आणि गादीवरून अर्धे उठून पुन्हा बसत. निजामाच्या शेवटच्या काळातली आमची तालुक्याची कचेरी. ते पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे. मी शेजारच्या गादीवरचा कारकून. खांदा माझाच, त्यामुळे त्यांचं वजन मला पक्कं ठाऊक!

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. औषधाचं ज्ञान अफाट. कुणी लंगडत आला की त्याचा अर्ज बाजूला राही. "निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. सुंठीच्या काढ्यात एरंडेल घ्या. वांगं लई वातूळ, शिवायचं न्हाई. अन् रोज चालायचं." एवढं सांगून स्वतः डब्यातलं भरलं वांगं उघडत. मी नुसतं पाहिलं तरी म्हणत, "अरे, हे काटेरी हाय. काटेरी बाधत न्हाई." घर हाकेच्या अंतरावर, तरी येणं छकड्यातून. आता बोला!

मग हैदराबादहून नवे तहसीलदार आले. ते आत शिरताच सगळी कचेरी उठून लवली. मीही घाईत उठलो. खांदा गेला आणि पेशकार बसल्या जागीच राहिले.

"खड़े नहीं होते?" साहेबांनी विचारलं.

पेशकार घाबरून खरं तेच बोलले, "हुजूर, गुडघे परवानगी देईनात."

साहेबांना ते उर्मट वाटलं. त्याच दिवशी नोकरी गेली. गावाला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सरकारपुढं न उठणारा मर्द आपल्यात निघाला! बाजारात त्यांना हार घातला. बिचारे घरी जाऊन रडले. हार मात्र काढला नव्हता, हेही सांगायला हवं.

आता त्यांचं ताट पुरतं त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या हाती आलं. त्यांनी वांगी बंद केली, पाला बांधला, एरंडेल पाजलं आणि रोज नदीपर्यंत चालवलं. पाऊस सरेस्तोवर हा गडी आडावर उकिडवा बसून धुणं धुऊ लागला. त्यात वहिनींची लुगडीही होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

साहेब तसे वाईट नव्हते. माझ्याकरवी त्यांनी निरोप धाडला, उभ्यानं एक सलाम करा आणि गादी परत घ्या. घरी चूल अडली होती. वहिनी म्हणाल्या, "जाऊन या. सलामानं माणूस झिजत न्हाई."

ते आले. मागं अर्धा गाव, फुकटचा तमाशा पाहायला. पेशकार जुन्या गादीवर टेकले. साहेब आत आले तसा मी सवयीनं खांदा पुढं केला. पेशकारांनी हात ठेवला. त्यांनी दाराकडं, गावाकडं पाहिलं आणि माझा खांदा सोडून दिला.

"हुजूर, गुडघे परवानगी देईनात."

गुडघ्यांबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले. या वांगीखाऊ, बढाईखोर माणसाचा मला अभिमान वाटला.

पोटासाठी ते देवणीकडं मेहुण्याच्या गावी निघाले. निरोपाला गाव जमलं. गाडी येताच गडी टुणकन आत चढला! मग सगळे आपल्याकडंच पाहून राहिलेत हे ध्यानात आलं. दोन्ही हातांनी गुडघा धरून ते मोठ्यानं कण्हले, "आई गं!"

पुन्हा काही ते दिसले नाहीत. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो गुडघा सोडला नाही.