काकूचा पक्का टाका

आमच्या काकूसारखा सोल्डरचा टाका घालणारं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही. असलंच तर त्यानं रिसोडला येऊन तिच्या शेजारी बसून दाखवावं, चहा मी पाजतो. सकाळी वांगी तोडून बाजारात पाठवायची आणि दुपारी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडायचे, हा तिचा विसावा. कोणी "नवाच घ्या की" म्हणालं, की पारा चढलाच. "घरचं मानूस खोकललं त नवं आनतं काय?"

रानडुकरांनी भुईमुगाचा एक कोपरा उकरला, तेव्हा उरलेलं पीक वाचवायला काकूनं आवाज काढणारा बोर्ड जुळवला. काही टाके हौसेनं काकांनी घातले. आधी त्यात वाघाची डरकाळी भरली. डुकरं ढिम्म! मग काकूनं स्वतःचा आवाज भरला, "कोन हाय रे तिकडे? निंघ!" आणि डुकरं पसार. "मले पयलेच माईत होतं," काका हळूच म्हणाले.

पण थोड्याच दिवसांत बोर्ड रुसला. घरी बोलायचा, शेतात नेला की गप्प. काका म्हणाले बॅटरी, मी म्हणालो स्पीकर. दोन्ही बदलून झालं, पुन्हा तेच. आणि इकडे शेंगा भरलेल्या. काकूनं तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घेतली आणि चालू बोर्डावर एकेक टाका तिच्या टोकानं हलकेच दाबत गेली. एका टाक्यावर "कोन हाय रे ति..." आणि चिडीचूप!

"हा पाय. राखेवानी मळकट दिसून राह्यला. गाडीवर हादरला का सुटते." टाका अर्थातच काकांचा होता. "थंड्या तव्यावर भाकर टाकत असते काय कोनी? आंदी तार तापू द्या, मंग सोल्डर लावा!" तिनं तार खरवडली, तापवली, आणि नवा टाका चमकीसारखा चकाकला. भुईमूग वाचला. मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटलो, अजून सांगतो.

आता काकू नागपूरला लेकीकडे आहे, नातू झालाय. भुईमूग केव्हाच निघाला, डुकरांना खायला शेतात काही नाही. तरी काका रोज दिवेलागणीला बोर्ड लावतात. परवा आम्ही शेताच्या धुऱ्यावर बसलो होतो, तर तिचा फोन आला.

"बोर्ड बंद ठेवता ना तुमी? बॅटरी उतरते."

"बंदच हाय वं," काका म्हणाले, आणि मागून दणक्यात आवाज आला, "कोन हाय रे तिकडे?"

तो काकूनंही फोनवर ऐकला. मग म्हणाली, "टाका पक्का हाय माहा."

फोन मात्र बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.